आठवड्याच्या बाजाराची भेट : पारड्यातला हिशेब व पाटीवरचा हिशेब

ज्या गावी आठवड्याचा बाजार भरतो, त्या गावच्या व आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांतून बाजाराच्या दिवशी काही मुलांच्या जागा रिकाम्या असतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते आणि दुसऱ्या दिवशी "काल कोठे होतास?" या प्रश्नाला "बाजारला" एवढेच उत्तर मिळते. शिक्षकाच्या दृष्टीने तो बुडालेला दिवस असतो. मुलाने मात्र त्या दिवशी आईच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या मोजलेल्या असतात, गिऱ्हाइकाला पाऊण किलो वांग्यांचे पैसे सांगितलेले असतात, शंभराच्या नोटेची मोड बिनचूक परत केलेली असते, आणि सायंकाळी उरलेला माल कोणत्या भावाने काढून टाकावा याविषयी थोरांचे बोलणे ऐकलेले असते. हाच मुलगा वर्गात फळ्यावरील गुणाकारापुढे खाली मान घालून उभा राहतो.

"याला गणित येत नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. त्याला एक गणित येते व दुसरे येत नाही, आणि जे येते ते गणित आहे हे त्याला किंवा त्याच्या शिक्षकाला ठाऊक नसते. ही दोन गणिते एकमेकांस कशी भेटवावी आणि त्या कामी बाजाराची भेट शाळेला कशी उपयोगी पडेल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. बाजाराचे स्वरूप

भेटीस निघण्यापूर्वी बाजार ही काय संस्था आहे, हे शिक्षकाने स्वतः नीट समजून घ्यावे. ज्या गावी बाजारपेठ असे त्यास पूर्वी कसबा म्हणत, आणि केवळ शेतीवर उभ्या असलेल्या गावास मौजे म्हणत. नवी पेठ वसवावयाची झाल्यास व्यापाऱ्यांना व कारागिरांना बोलावून आणणे, त्यांना जागा देणे, बाजाराची व्यवस्था पाहणे ही कामे शेटे व महाजन या वतनदारांकडे असत. आज त्या वतनांची केवळ आडनावे उरली आहेत. व्यवस्था ग्रामपंचायतीकडे आली आहे, आणि बाजार व आठवडे बाजार यांवर फी घेण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीस दिला आहे. बसणाऱ्या विक्रेत्याच्या हाती पडणारी लहानशी पावती हा नागरिकशास्त्राचा एक उत्तम धडा होय. हे पैसे कोण घेतो, कोठे जमा करतो, त्यांतून बाजारतळावर पाणी, सावली व स्वच्छता यांची कोणती सोय होते, हे प्रश्न मुलांनी विचारावे आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन त्यांची उत्तरे मिळवावी.

बाजार आठवड्यातून एकदाच का भरतो, हा प्रश्नही मुलांपुढे ठेवण्याजोगा आहे. बांगड्या, भांडी, तयार कपडे, मसाल्याचे जिन्नस यांची एका खेड्याची गरज इतकी थोडी असते, की तेवढ्यावर रोजचे दुकान चालत नाही. परंतु तोच व्यापारी सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी असा फिरत राहिला, तर पाच-सात गावांची मिळून झालेली मागणी त्याचा संसार चालविते. म्हणूनच शेजारच्या गावांचे बाजाराचे वार सहसा निरनिराळे असतात. चाकणचा बाजार शनिवारचा आणि गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा, ही सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे आहेत. आपल्या पंचक्रोशीतील वारांचे कोष्टक मुलांकडून तयार करून घ्यावे व त्यातील गावे तालुक्याच्या नकाशावर दाखवावी. एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याचा आठवड्याचा मार्ग त्यावर रेषेने जोडला, म्हणजे दिशा, अंतर व प्रमाण हे भूगोलाचे तीन विषय एकाच कागदावर येतात.

२. दोन गणिते

बाजारात वाढलेले मूल पाटीवर का अडते, याचा अभ्यास निरनिराळ्या देशांत झाला आहे. ब्राझीलमधील रेसीफे शहरी तेरेझिन्हा नुनेस व त्यांचे दोन सहकारी यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांची पाहणी केली. ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या प्रश्नांपैकी शेकडा ९८ प्रश्नांची उत्तरे मुलांनी बरोबर दिली. पुढे त्याच संख्यांची उदाहरणे शाब्दिक रूपात दिली तेव्हा शेकडा सुमारे ७४ बरोबर आली, आणि नुसती आकडेमोड म्हणून मांडली तेव्हा केवळ शेकडा सुमारे ३७. मुले तीच होती, संख्याही त्याच होत्या. बदलले होते ते फक्त उदाहरणाचे रूप. तेथील बारा वर्षांच्या एका मुलाला एक नारळ ३५ ला असता दहा नारळांचे किती, असे विचारले. दहाने गुणताना शून्य जोडावे ही शाळेतील युक्ती त्याने वापरली नाही. तीन नारळांचे १०५ हे त्याला पाठ होते. ते तीन वेळा घेऊन त्याने नऊ नारळांचे ३१५ केले, त्यांत एकाचे ३५ मिळविले आणि ३५० हे उत्तर सांगितले.

आपल्या देशातही असाच अभ्यास झाला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून अधिक मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. बाजारातली मुले अनेक पदार्थांचे एकत्रित पैसे व परत द्यावयाची मोड तोंडी बिनचूक सांगत, पण शाळेतील साध्या भागाकारापाशी अडत. तेथवर आश्चर्य नाही. परंतु जी मुले केवळ शाळेत जात होती, त्यांना पाटीवरची उदाहरणे अधिक चांगली येत असूनही बाजारातील व्यवहार सोडविता येईना. म्हणजे दोष एका बाजूचा नाही. बाजारातले ज्ञान शाळेत पोचत नाही आणि शाळेतले बाजारात पोचत नाही. दोहोंच्या मधला पूलच बांधलेला नाही.

या दोन गणितांत अंतर कोठे पडते, हे एका उदाहरणाने पाहू. २०० मधून ३५ वजा करावयास सांगितले असता काही मुले पाटीवर २३५ असे उत्तर लिहितात. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून ती पाचातून शून्य वजा करतात. शून्यातून तीन जात नाहीत, म्हणून तिनातून शून्य. उत्तर चुकल्याची शंकाही त्यांना येत नाही. पण दोनशेची नोट घेऊन गिऱ्हाइकाला २३५ रुपये परत देणारा मुलगा कोणत्याही बाजारात सापडणार नाही. तेथे तो वजाबाकी करीतच नाही, पुढे मोजत जातो : पस्तिसावर पाच म्हणजे चाळीस, दहा म्हणजे पन्नास, पन्नास म्हणजे शंभर आणि वर शंभर म्हणजे दोनशे. पाच, दहा, पन्नास व शंभर मिळून १६५ त्याने गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवलेले असतात. बाजारात संख्येमागे वस्तू व पैसा उभा असतो, म्हणून चूक तत्काळ डोळ्यांत भरते. पाटीवर संख्येमागे काहीच उभे नसते.

तथापि, बाजारी रीतीच्या मर्यादाही शिक्षकाने ओळखाव्या. ती रीत लहान व ओळखीच्या संख्यांपुरती चालते. संख्या मोठ्या झाल्या, हिशेब लांबला, किंवा तो दुसऱ्याने कागदावर लिहून दिला, की ती तोकडी पडते. शेतकऱ्याच्या घरी अडत्याकडून येणारी पट्टी पाहावी. उदाहरणादाखल, टोमॅटोचे १५ क्रेट, दर क्रेटला ३०० रुपये, एकूण ४५०० रुपये. त्यातून वजा हमाली ७५, तोलाई ३० व गाडीभाडे २२५, एकूण ३३०. निव्वळ येणे ४१७० रुपये. ही पट्टी ज्याला वाचता येत नाही, तो तराजूपाशी कितीही चतुर असला तरी कागदापाशी दुसऱ्यावर विसंबून राहतो. यास्तव बाजारातल्या मुलाला पाटीवरचे गणित शिकविणे हा केवळ परीक्षेचा प्रश्न नसून त्याच्या घरच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

३. पावकी-निमकीचा धडा

शाळा व बाजार यांच्यात असे अंतर पूर्वीपासूनच होते असे नाही. जुन्या मराठी शाळांतून पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे म्हणजे बाजाराची भाषाच होती. पाव शेर, दीड मण, अडीच आणे हे व्यवहार त्यांवर चालत. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. शेराचे ४ पावशेर, पावशेराचे ४ छटाक. मणाचे ४० शेर, अशी बरीचशी रचना निम्म्याच्या निम्मे करीत जाणारी असल्यामुळे ते पाढे पदोपदी उपयोगी पडत.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि १९५८ पासून क्रमाक्रमाने किलोग्रॅम व लिटर ही मापे आली. हिशेब पुष्कळ सुलभ झाला, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर पावकी-निमकी शाळेतून गेली आणि बाजारात मात्र राहिली. आजही गिऱ्हाईक "पावशेर मिरची द्या" म्हणते आणि विक्रेता २५० ग्रॅम तोलतो. खरा पावशेर २० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅमचा असे. जुने नाव नव्या मापावर बसले आहे. मुलाला घरी पावशेर ऐकू येतो आणि पुस्तकात २५० ग्रॅम दिसतात. दोन्ही एकच होत, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

त्या जुन्या पाढ्यांची घोकंपट्टी पुन्हा सुरू करावी असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांतील रीत मात्र वर्गात आणण्यासारखी आहे. ८० रुपये किलोच्या भावाने पाऊण किलोचे किती? बाजारातला मुलगा म्हणेल, अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस, मिळून साठ. शिक्षकाने हे उत्तर त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे :

अर्धा किलो : ४० रुपये
पाव किलो : २० रुपये
पाऊण किलो : ६० रुपये

नंतर त्याच्याखाली ८० × ३/४ = ६० असे मांडावे, आणि शेवटी ८० × ७५० ÷ १००० = ६० असे. तिन्ही ओळींचे उत्तर एकच येते, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. मुलाचा पारड्यातला हिशेब त्याच्या डोळ्यांदेखत पाटीवर उतरला, की पाटीचे भय निम्मे कमी होते. त्यानंतर ६५० ग्रॅमचे किती, असे विचारावे. येथे अर्धा-पाव पुरत नाही. अर्ध्याचे ४०, शंभर ग्रॅमचे ८, पन्नास ग्रॅमचे ४, एकूण ५२ अशी फोड करावी लागते आणि पाटीवरची रीत अधिक सोयीची वाटू लागते. नवी रीत सक्तीने देण्याऐवजी तिची गरज अशी निर्माण करावी.

४. भेटीची पूर्वतयारी

शिक्षकाने आदल्या आठवड्यात एकट्याने बाजारात जाऊन यावे. माल कोठून येतो, गर्दी केव्हा वाढते, रहदारीचा रस्ता कोणता, पिण्याचे पाणी व सावली कोठे आहे, हे पाहून ठेवावे. ज्या विक्रेत्यांशी मुले बोलणार, त्यांना भेटीचा हेतू सांगून त्यांची संमती घ्यावी. मुख्याध्यापकांची परवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी, तसेच पालक व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांपैकी काहींना बरोबर येण्यास सांगावे. पाच-सहा मुलांचा एक गट व प्रत्येक गटाबरोबर एक थोर माणूस, ही व्यवस्था सोयीची ठरते. माल मांडून झालेला असतो पण गर्दी वाढलेली नसते, ती सकाळची वेळ भेटीस उत्तम.

प्रत्येक गटाला एकच काम द्यावे. सर्वांनी सर्व पाहावे असे सांगितल्यास कोणीच काही पाहत नाही. कोणते प्रश्न विचारावयाचे, ते वर्गात मुलांकडूनच काढून घ्यावे आणि मुलांच्या बोलीतच राहू द्यावे.

ज्या मुलांच्या घरची माणसे बाजारात बसतात, त्यांचा विचार विशेष जपून करावा. त्यांना आधी एकांतात विचारावे. काहींना आपली आई व तिची पाटी वर्गाला दाखविण्यात अभिमान वाटतो, काहींना संकोच वाटतो. संकोच असेल तेथे त्या ठिकाणी वर्ग नेऊ नये. ज्यांना आनंद वाटेल त्यांना त्या दिवसापुरते वाटाडे करावे. वर्गात मागे बसणारी मुलगी बाजारात पुढे चालते आणि हुशार समजली जाणारी मुले तिला विचारून लिहून घेतात, हे दृश्य वर्गाला बरेच काही शिकवून जाते.

५. इयत्तावार कामे

पहिली व दुसरीच्या मुलांनी पाहावे, हाताळावे, नावे सांगावी व मोजावे. जुडी, फणी, डझन, शेकडा व वाटा ही विक्रीची निरनिराळी एकके आहेत. कोणता माल मोजून विकतात, कोणता तोलून आणि कोणता वाटा लावून, एवढी वर्गवारी केली तरी पुष्कळ झाले. आदिवासी भागातील शाळांतून भाज्यांची मुलांच्या घरच्या बोलीतील नावे आधी लिहून घ्यावी आणि मग पुस्तकी नावे सांगावी.

तिसरी व चौथीच्या मुलांनी पाच जिनसांचे भाव लिहावे आणि प्रत्येकाचे पाव, अर्धा, पाऊण व दीड किलोचे पैसे काढावे. प्रत्येक गटाला ५० रुपये देऊन ठराविक माणसांच्या एका वेळच्या भाजीची खरेदी करण्यास सांगावे. काय घेतले, किती दिले, मोड किती आली, हे त्यांनी लिहून ठेवावे. "१० रुपयांना ३ लिंबे" व "२० रुपयांना ७ लिंबे" यांत स्वस्त कोणते, असे छोटे प्रश्न तेथल्या तेथे सोडवावे.

पाचवी व त्यापुढील मुलांनी मालाची वाटचाल शोधावी. एखादी भाजी शेतातून थेट आली की मोठ्या बाजार समितीतून फिरून आली, हे विचारून नकाशावर दाखवावे. सकाळी व सायंकाळी एकाच मालाचा भाव लिहून त्यातील फरकाचे कारण शोधावे. पालेभाजी सायंकाळी स्वस्त होते आणि कांदा फारसा होत नाही. असे का, याचे उत्तर टिकाऊपणात आहे. विज्ञान व अर्थव्यवहार यांची गाठ येथे पडते. आज पुष्कळ विक्रेत्यांपुढे मोबाइलवरून पैसे भरण्याचा चौकोनी संकेत ठेवलेला असतो. रोखीने किती जण देतात व मोबाइलवरून किती, याची मोजदादही मुलांना करता येईल.

६. तराजू

तराजूपाशी प्रत्येक गटाने थोडा वेळ थांबावे. लोखंडी षट्कोनी वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅम व १, २, ५ किलो अशा क्रमाने असतात. इतकी थोडी वजने असून बहुतेक सर्व तोल कसे होतात, हे कोडे म्हणून घालावे. ८५० ग्रॅमसाठी ५००, २००, १०० व ५० लागतात. आणि ९५० ग्रॅमसाठी? एका पारड्यात किलोचे वजन ठेवून मालाच्या पारड्यात ५० ग्रॅमचे वजन टाकले की झाले. बेरीज व वजाबाकी पारड्यांतून अशी दृश्यरूप होते.

तराजू खरा आहे की नाही, हे पाहण्याची रीतही शिकवावी. रिकामी पारडी समतोल असली पाहिजेत. एक पारडे हलके असल्यास त्याला बांधलेला भार म्हणजे पासंग. "पासंगालाही न पुरणे" हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. रिकामा तराजू समतोल दिसला तरी दांडीच्या दोन बाजू असमान असू शकतात. त्यासाठी तोललेला माल व वजन यांची पारडी अदलाबदल करून पाहावी. तरीही दांडी सरळ राहिली, तर तराजू खरा. "दांडी मारणे" या शब्दांचा मूळ अर्थ मुलांना त्या वेळी अधिक चांगला कळेल. हा प्रयोग शाळेतील तराजूवर करावा, बाजारात कोणाच्या तराजूवर संशय घेऊन करू नये. वजने व साध्या तराजूंची पडताळणी दर दोन वर्षांनी आणि विजेच्या काट्यांची दर वर्षी वैधमापन खात्याकडून करून घ्यावी लागते; शिशाच्या गुल्लीवर त्याचा शिक्का असतो. २००९ च्या वैधमापन अधिनियमाने ग्राहकाला दिलेले हे संरक्षण मुलांना ठाऊक असावे.

७. परत आल्यानंतर

भेट एका दिवसाची असली तरी तिचा उपयोग वर्षभर व्हावा. त्यासाठी वर्गात एक "बाजाराची वही" ठेवावी. दर आठवड्याला एका गटाने कांदा, बटाटा, टोमॅटो, हिरवी मिरची व मेथीची जुडी या पाच जिनसांचे भाव तीत लिहावे. वर्षअखेर पन्नासच्या आसपास आठवड्यांची नोंद हाती येते. तिचा आलेख काढला की पावसाची ओढ, सणवार व हंगाम यांचे ठसे त्यावर दिसू लागतात. चातुर्मासात अनेक घरी कांदा व वांगे वर्ज्य असते, भोगीच्या आठवड्यात पावटा, गाजर, घेवडा, तीळ यांना मागणी वाढते. या गोष्टी भावांतून वाचता येतात. मृगाच्या सुमारास येणारी शेवळे, पावसाळ्यातील करटोली व टाकळा, हिवाळ्यातील बोरे व हरभऱ्याची भाजी, उन्हाळ्यातील करवंदे यांच्यासाठी वहीत एक वेगळे पान असावे. ते मुलांनी स्वतः केलेले ऋतूंचे पंचांगच होईल.

भाषेच्या तासाला बाजारातील शब्दांचा संग्रह करावा. भवानी, मोड, वाटा, हारा, उधारी असे शब्द मुलांनी आणावे व त्यांचे अर्थ थोरांना विचारून लिहावे. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" या म्हणीतील दोन्ही आकड्यांची बेरीज एक रुपया होते, हे आणे न पाहिलेल्या मुलांना सांगितल्यास म्हण व जुने कोष्टक दोन्ही ध्यानात राहतात.

पुष्कळ शाळांतून बालआनंद मेळाव्यात मुलांचा बाजार भरविला जातो. तो उपक्रम चांगला आहे, परंतु तेथे भाव आधीच ठरलेले व गिऱ्हाईक घरचेच असते. खऱ्या बाजाराची भेट आधी व शाळेतील बाजार नंतर असा क्रम ठेवल्यास मुले त्या खेळातही खरा हिशेब आणतील.

८. दोन इशारे

बाजारातील कौशल्याचे कौतुक करीत असताना मुलाने शाळा बुडवून बाजारात बसावे, असा त्याचा अर्थ होऊ देऊ नये. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली असून, घरच्या धोक्याच्या नसलेल्या कामात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली आहे. पालकांशी बोलताना दरडावू नये. मुलाच्या हिशेबाचे मनापासून कौतुक करावे आणि पट्टी वाचता येण्यासाठी तो शाळेत का हवा, हे त्यांच्याच व्यवहारातून पटवून द्यावे.

दुसरा इशारा विक्रेत्यांच्या मानाविषयीचा. गिऱ्हाईक समोर असताना मुलांनी त्यांना अडवू नये, माल चिवडू नये. "तुम्हाला नफा किती होतो?" असा प्रश्न कोणाच्याही तोंडावर विचारू नये. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांच्याकडून थोडी तरी खरेदी करावी आणि घासाघीस करू नये.

जेथे मूल आहे तेथे शाळेने जावे, ही कल्पना आपल्या प्रांताला नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणातच शाळा नेली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे हे तत्त्व अग्रभागी ठेवले आहे. बाजाराच्या भेटीला खर्च नाही, वाहन नाही, साधनसामग्री नाही. शिक्षकाने एकदा तेथे मुलाच्या शेजारी बसून त्याचा हिशेब ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी तोच हिशेब फळ्यावर मांडावा, एवढेच या कामाला पुरे आहे.

अशा वर्गातली एखादी मुलगी पुढे घरी आलेली पट्टी हाती घेऊन आकडे जुळवून पाहील, आणि "बाबा, यात तोलाई दोनदा धरली आहे, तीस रुपये परत मागा" असे सांगेल, त्या दिवशी आपल्या भेटीचे सार्थक झाले असे समजावे.